जुन्नर परिसरातील पाऊलवाटा व घाटवाटा : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

जुन्नर हे सातवाहन काळापासून ज्ञात असलेले नगर असून त्याच्या सभोवतालच्या डोंगरांत लेणी, गड, पाण्याची टाकी व शिलालेख मोठ्या संख्येने आढळतात. या वास्तूंचा अभ्यास दीर्घकाळ झाला असला तरी त्यांना परस्परांशी जोडणाऱ्या वाटांकडे स्वतंत्र ऐतिहासिक साधन म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही. प्रस्तुत लेखात नाणेघाट, लेण्यांकडे जाणाऱ्या वाटा व गडवाटा यांचा विचार केला असून, जुन्नरच्या स्मारकांचा अर्थ त्यांच्या वाटांशिवाय पूर्णपणे लागत नाही, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : जुन्नर, नाणेघाट, घाटवाट, पोढी, लेणी, गडवाटा, वारसा संवर्धन.

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी, दप्तरे व वास्तू यांचा उल्लेख प्रामुख्याने होतो. वाट मात्र या यादीत क्वचितच येते. वाटेवर कर्त्याचे नाव नसते व तिला निश्चित कालखंडही देता येत नाही. ती वापरली जाते तोवर टिकते आणि वापर थांबला की दोन-चार पावसाळ्यांत दिसेनाशी होते. परंतु नगर, बंदर, विहार आणि गड यांना एका व्यवस्थेत गुंफण्याचे काम वाटच करीत असते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पश्चिम महाराष्ट्रात पायी क्षेत्रभ्रमण करून प्राचीन मार्ग, लेणी आणि लोकदैवतांची ठाणी यांचा परस्परसंबंध तपासला, तेव्हा पायाखालची वाट हेही इतिहासाचे साधन होऊ शकते हे त्यांनी प्रत्यक्ष अभ्यासातून दाखवून दिले. जुन्नरच्या बाबतीत ही दृष्टी विशेष उपयुक्त ठरते.

भौगोलिक पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, कुकडी नदीच्या खोऱ्यात जुन्नर वसले आहे. शहरालगत शिवनेरी, उत्तरेस लेण्याद्री, दक्षिणेस मानमोडी आणि पश्चिमेस तुळजा लेणी असलेला डोंगर, अशी डोंगरांची साखळी नगराला वेढून आहे. पश्चिमेकडे खोरे निमुळते होत सह्याद्रीच्या मुख्य कड्याला भिडते. त्या बाजूस हडसर, चावंड आणि जीवधन हे गड असून कड्याच्या काठावर घाटघर हे गाव आहे. तेथून नाणेघाटाने खाली उतरल्यावर ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे या गावी पोहोचता येते. उत्तरेकडे माळशेज व दक्षिणेकडे दाऱ्या घाट या वाटाही कोकणात उतरतात.

देशावरचे धान्य व कापड खाली जाणे आणि कोकणातील मीठ व बंदरात आलेला माल वर येणे, ही देवाणघेवाण सह्याद्रीचा कडा ओलांडल्याशिवाय शक्य नव्हती. कडा सर्वत्र सारखा नाही; जेथे नाळ किंवा खिंड आहे तेथेच माणूस व जनावर चढू शकते. म्हणून घाटाची जागा निसर्गाने ठरविली आणि घाटाने नगराची जागा ठरविली, असे जुन्नरविषयी म्हणता येते. कल्याण-सोपारा ही बंदरे एका टोकाला आणि पैठण-तेर ही देशावरील नगरे दुसऱ्या टोकाला. त्यांच्या दरम्यान घाट चढून आलेल्या तांड्याला विसावा व बाजार देणारे पहिले मोठे ठिकाण म्हणजे जुन्नर होय.

नाणेघाट : वाटेवरील अभिलेख

वैशाखऱ्याकडून निघालेली वाट प्रथम सौम्य चढाने झाडीतून जाते आणि नंतर दगडी नाळेत शिरते. माथ्याजवळ ठिकठिकाणी मोठे चिरे बसवून वाट बांधून काढलेली दिसते. नाळ संपण्यापूर्वी डाव्या-उजव्या अंगास कातळात पाण्याची टाकी असून मुख्य लेणे त्यांच्यालगत आहे. माथ्यावर ‘नानाचा अंगठा’ या नावाने ओळखला जाणारा कडा असून खालच्या कोकणातून तो दुरूनही नजरेत भरतो.

या लेण्यातील ब्राह्मी लिपीतील दीर्घ लेख सातवाहन राणी नागनिका हिच्याशी संबंधित असून तो सामान्यतः इ.स.पूर्व पहिल्या शतकातील मानला जातो. त्यात राजकुलाने केलेले वैदिक यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण नाणी यांची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात कर्नल साईक्स यांनी या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांच्या वाचनामुळे त्याचे महत्त्व सिद्ध झाले. भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासातही या लेखास मोलाचे स्थान आहे. लेण्यात सिमुक, सातकर्णी व नागनिका, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन यांच्या प्रतिमा होत्या. आज प्रतिमांचे अवशेष व वरील नामलेख यांवरूनच त्यांची ओळख पटते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. राजकुलाच्या यज्ञांची आणि दानांची एवढी विस्तृत नोंद राजधानीत न करता डोंगरातील एका नाळेत का करण्यात आली? याचे उत्तर लेखाच्या मजकुरात नसून त्याच्या स्थानात आहे. कोकणातून चढून आलेला प्रत्येक प्रवासी, मग तो व्यापारी असो, भिक्षू असो वा बैल हाकणारा असो, याच ठिकाणी दम घेण्यास व पाणी पिण्यास थांबणार होता. देशात पाऊल ठेवण्यापूर्वी त्याच्या नजरेस राज्यकर्त्या घराण्याच्या प्रतिमा पडत असत. अभिलेख वाचता न येणाऱ्यालाही त्या प्रतिमांचा अर्थ कळण्यासारखा होता. या दृष्टीने नाणेघाटाचे लेणे हे राज्याच्या प्रवेशद्वारावरील राजमुद्राच ठरते. लेख वस्तुसंग्रहालयात ठसा म्हणून पाहिला तर त्यातील यज्ञ कळतात. घाट चढून पाहिला तर सत्तेचा हेतू कळतो.

घाटमाथ्यावरील दगडी रांजण ‘जकातीचा रांजण’ म्हणून प्रसिद्ध आहे. येथे येणारा प्रत्येक जण त्याच्याशेजारी उभा राहून व्यापाराची कल्पना करतो. तथापि रांजणाचा जकातीशी जोडला जाणारा संबंध हा परंपरेवर आधारलेला आहे. घाटावरील वर्दळीचा याहून भक्कम पुरावा जवळच्या टाक्यांत सापडतो. येथील एका टाक्यावरील लेखात ते सोपारा येथील गोविंददास याचे दान असल्याचे म्हटले आहे. समुद्रकाठच्या बंदरातील माणसाने डोंगराच्या माथ्यावर पाण्याची सोय करावी, यातच त्या वाटेचे त्याच्या जीवनातील स्थान स्पष्ट होते. लोकप्रिय झालेला रांजण आणि दुर्लक्षित राहिलेले टाके यांत इतिहासाच्या अभ्यासकाने टाक्यास अधिक महत्त्व द्यावयास हवे.

लेणी, पोढी आणि दात्यांची गावे

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत सर्व मिळून दोनशेच्या आसपास खोदकामे असून एका नगराभोवती इतक्या संख्येने लेणी आढळण्याची उदाहरणे भारतात विरळ आहेत. यांतील बहुतांश इ.स.पूर्व पहिले शतक ते इ.स. तिसरे शतक या दरम्यानची मानली जातात. तुळजा गटातील चैत्यगृह वर्तुळाकार असून स्तूपाभोवती बारा अष्टकोनी स्तंभ आहेत. लेण्याद्री येथे सुमारे ३० लेणी, शिवनेरीच्या कड्यात विविध स्तरांवर लेणी आणि मानमोडीच्या डोंगरात भीमाशंकर, अंबा-अंबिका व भूतलिंग असे तीन गट आहेत.

या लेण्यांतील दानलेख लहान, बहुधा एक-दोन ओळींचे आहेत. परंतु त्यांतील गावांची नावे एकत्र मांडली असता वाटांचा नकाशाच तयार होतो. लेण्याद्रीच्या क्रमांक ६ च्या चैत्यगृहाचा दाता सुलसदत्त हा कल्याणचा होता. भरुकच्छ, म्हणजे आजचे भडोच, येथील बुद्धमित्र व बुद्धरक्षित या दोन भावांनी दोन खोल्यांचे लेणे दिले. इरिल, चिट आणि चंद या यवन दात्यांनी अनुक्रमे दोन टाकी, भोजनमंडप आणि गर्भद्वार दान केले. क्षत्रप नहपानाचा अमात्य वत्सगोत्री अयम याने वर्ष ४६ मध्ये मंडप व टाके खोदविल्याची नोंद मानमोडी येथे आहे. याखेरीज बांबूकाम करणारे, कासार व धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेख जुन्नरच्या लेखांत येतात. ही सर्व माणसे घाटवाटांनी व खोऱ्यातील वाटांनी परस्परांशी जोडलेली होती.

राजकीय घडामोडींचा या वाटांवर परिणाम होत असे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत कल्याण बंदराच्या व्यापारात अडथळे आणले जात असल्याचा आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात असल्याचा उल्लेख आहे. सातवाहन व क्षत्रप यांच्या संघर्षाच्या या पार्श्वभूमीवर जुन्नर येथे कल्याणचा दाता, भडोचचे दाते आणि नहपानाचा अमात्य असे तिन्ही भेटणे सूचक आहे. बंदर बदलले, सत्ता बदलली, तरी जुन्नरकडे येणारी पावले थांबली नाहीत.

दानलेखांत वारंवार येणारा ‘पोढी’ हा प्राकृत शब्द पाण्याच्या टाक्यासाठी वापरलेला आहे. कातळ खोदून पाणी साठविण्याची कला भिक्षुसंघाच्या निवासासाठी आवश्यक होती. त्याचबरोबर ती वाटसरूंच्याही उपयोगाची होती. पुढे याच तंत्रावर गडांचे जीवन अवलंबून राहिले. चावंडवरील सात टाक्यांचा समूह, शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी आणि जीवधनावरील टाकी पाहता पोढी ते गडावरचे टाके हा प्रवास लक्षात येतो. आजचा पदभ्रमण करणारा प्रवासीही पाण्याच्या ठिकाणांवरूनच आपला मुक्काम ठरवितो. दोन हजार वर्षांत वाटेचे गणित फारसे बदललेले नाही.

लेण्यांकडे जाणाऱ्या वाटांचे भवितव्य पुढील काळातील श्रद्धेवर अवलंबून राहिले, हेही येथे नोंदवावयास हवे. लेण्याद्रीचा एक विहार गिरिजात्मज गणपतीचे स्थान बनला आणि अष्टविनायकांत त्याची गणना झाली. त्यामुळे तेथील पायऱ्यांवर आजही भाविकांची रीघ असते. तुळजा लेण्यांना देवीच्या स्थानामुळे नाव व वाट दोन्ही मिळाले. श्रद्धेने जेथे नवे रूप घेतले तेथे वाट टिकली.

गडवाटा : प्रवेश आणि अडवणूक

मध्ययुगात वाटेचा अर्थ बदलला. व्यापारी मार्गावर नजर ठेवणारे डोंगर गड बनले आणि वाट ही प्रवेशाबरोबरच अडवणुकीचे साधन ठरली. जीवधनाच्या दोन दरवाजांची नावे या संदर्भात अत्यंत बोलकी आहेत. एक ‘कल्याण दरवाजा’ व दुसरा ‘जुन्नर दरवाजा’. गड कोणत्या दोन टोकांमधील वाटेसाठी उभा होता, हे त्याच्या दरवाजांनीच सांगून ठेवले आहे.

बहमनी सत्तेच्या ऱ्हासकाळात मलिक अहमद याने इ.स. १४९० मध्ये जुन्नर भागातच निजामशाहीचा पाया घातला. नंतर राजधानी अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे नेण्यात आली. राजधानी गेली तरी हे गड राजकारणाच्या केंद्रस्थानी राहिले. निजामशाही वारस बहादूर यास चावंडवर कैदेत ठेवण्यात आले होते. निजामशाहीच्या अखेरच्या पर्वात शहाजीराजांनी ज्या बालवारसास गादीवर बसविले तो जीवधनावर कैदेत होता. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. इ.स. १६५७ मध्ये महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नर शहरावर रात्री छापा घातला. दोराच्या शिड्या लावून तट ओलांडण्यात आला. या डोंगरांची व वाटांची माहिती हेच अशा मोहिमांचे खरे बळ होते.

शिवनेरीवर दोन वाटा आहेत. एक सात दरवाजांची राजवाट व दुसरी साखळीची वाट. पहिली हत्ती-घोड्यांसह सत्तेचे दर्शन घडविते. दुसरी कातळातील पायऱ्यांवरून, साखळीच्या आधाराने लेण्यांजवळून वर जाते. एकाच डोंगरावर भिक्षूंच्या आणि किल्लेदारांच्या अशा दोन काळांच्या वाटा शेजारी नांदताना दिसतात. हडसरची राजवाट कातळाच्या पोटात कोरलेल्या पायऱ्या व दरवाजांतून जाते, तर ‘खुंटीची वाट’ ही स्थानिकांच्या रोजच्या गरजेतून निर्माण झालेली आहे. दप्तरांत पहिलीचा मान. गावाच्या व्यवहारात दुसरीचा उपयोग, असा हा भेद आहे.

इंग्रज वैद्य जॉन फ्रायर इ.स. १६७५ मध्ये मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून जुन्नर येथे आला. चढताना तो एका अवघड घाटाने आला आणि परतताना नाणेघाटाने उतरला. हा दुसरा मार्ग त्यास पुष्कळ सोयीचा वाटला. सातवाहनांनंतर अनेक शतकांनीही नाणेघाटच या भागातील चालती वाट होता, याची ही साक्ष होय. या वाटांचे खरे जाणकार मात्र परिसरातील महादेव कोळी समाजाचे लोक होते. घाट व गड यांच्या राखणीचे काम या समाजातील नाईकांकडे असे. एकोणिसाव्या शतकात राघोजी भांगरे यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उठावात याच ज्ञानाच्या बळावर ब्रिटिश सत्तेला झुंजविण्यात आले. इ.स. १८४८ मध्ये राघोजींना ठाणे येथे फाशी देण्यात आली.

इ.स. १८१८ : पायऱ्यांचा विध्वंस

इ.स. १८१८ मध्ये मेजर एल्ड्रिज याच्या हाताखालील ब्रिटिश फौजेने जुन्नर परिसरातील गड ताब्यात घेतले. त्यानंतर चावंड व जीवधन येथील चढणीचे मार्ग उद्ध्वस्त करण्यात आले. चावंडच्या कड्यात आजही तुटलेल्या पायऱ्यांच्या खुणा दिसतात आणि रेलिंगच्या आधाराने तो टप्पा पार करावा लागतो. तट पाडण्यास वेळ व दारूगोळा फार लागतो. वाट तोडली की गड आपोआप निकामी होतो, हे विजेत्यांनी ओळखले होते. वाट हाच गडाचा प्राण होता, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे.

घाटवाटांचा ऱ्हास मात्र सुरुंगाने झाला नाही. इ.स. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि इ.स. १८६३ मध्ये त्याच घाटातून लोहमार्ग सुरू झाला. बैलांच्या पाठीवरून जाणाऱ्या मालाची जागा गाडीने व पुढे आगगाडीने घेतली. विसाव्या शतकात माळशेज घाटाचा मोटाररस्ता झाल्यावर नाणेघाट हा दळणवळणाचा मार्ग म्हणून उरला नाही. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह धरणाने शेतीस पाणी दिले. त्याचबरोबर हडसर व चावंड यांच्या दरम्यानचा खोऱ्याचा तळभाग जलाशयाखाली गेला. त्यामुळे नगर व घाट यांना जोडणारा जुना भूप्रदेश आज सलगपणे चालून पाहता येत नाही.

वर्तमान स्थिती व संवर्धनाचा प्रश्न

स्वातंत्र्योत्तर काळात दुर्गभ्रमण व गिरिभ्रमण यांची आवड वाढली आणि विस्मृतीत चाललेल्या अनेक वाटा पुन्हा चालत्या झाल्या. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये जुन्नर तालुक्यास पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. जुलै २०२५ मध्ये ‘भारताची मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने १२ किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांत शिवनेरी आहे. ही अभिमानाची बाब होय. तथापि चावंड, हडसर व जीवधन हे गड त्या यादीत नाहीत आणि या सर्वांना जोडणारी वाट कोणत्याच यादीत नाही.

प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्याचा रोख स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांवर आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरचे प्रतिबंधित व त्यापुढे २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र असते. लेणे किंवा गड यांसाठी ही तरतूद उपयुक्त आहे. परंतु कित्येक किलोमीटर लांबीची घाटवाट या चौकटीत बसत नाही. वाटेवरील फरसबंदी, पाणपोया, थांबे व नाळेतील बांधीव टप्पे हे संरक्षणाबाहेर राहतात. घाटमाथ्यापर्यंत मोटाररस्ता गेल्याने पावसाळ्यात नाणेघाटावर मोठी गर्दी होते. पण त्यांतील बहुसंख्य लोक रांजण व धबधबा पाहून परततात. घाट पाहिला जातो, चढला मात्र जात नाही.

जगात अन्यत्र वाटेलाच वारसा मानण्याची दृष्टी रुजली आहे. स्पेनमधील सांतियागोचा यात्रामार्ग १९९३ मध्ये, जपानमधील की पर्वतातील तीर्थमार्ग २००४ मध्ये आणि दक्षिण अमेरिकेतील इंका मार्गांचे जाळे २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. वैशाखरे–नाणेघाट–घाटघर–चावंड–जुन्नर या मार्गाचा याच दृष्टीने विचार होणे आवश्यक आहे. त्यासाठी प्रथम वाटांचे नकाशांकन, टाक्यांची व बांधीव टप्प्यांची नोंद आणि स्थानिक रहिवाशांकडील वाटांच्या नावांचे संकलन व्हावयास हवे. हिरडा गोळा करण्यासाठी व गुरांमागे फिरताना या वाटा तुडविणारी पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. नाळ, सोंड, टप्पा यांची नावे तिच्याबरोबर गेली तर ती कोणत्याही दप्तरातून परत मिळणार नाहीत. इतिहास व भूगोल विभाग असलेल्या परिसरातील महाविद्यालयांना हे काम विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटींतून करता येण्यासारखे आहे.

निष्कर्ष

१. नाणेघाटातील अभिलेख व प्रतिमा यांचा राजकीय हेतू त्यांच्या वाटेवरील स्थानामुळे स्पष्ट होतो.

२. जुन्नरच्या दानलेखांतील सोपारा, कल्याण व भरुकच्छ हे उल्लेख, तसेच टाक्यांची दाने, हे प्राचीन दळणवळणाचे रांजणापेक्षा अधिक विश्वसनीय पुरावे आहेत.

३. मध्ययुगीन गडांची रचना व दरवाजांची नावे व्यापारी मार्गाशी निगडित आहेत. इ.स. १८१८ मध्ये गडांच्या चढणीचे मार्ग तोडण्यात आले, यावरून वाटेचे लष्करी महत्त्व सिद्ध होते.

४. स्मारकांचे संरक्षण व वाटांची उपेक्षा ही विद्यमान स्थिती वारशाच्या आकलनास बाधक आहे.

जुन्नरची लेणी कातळात असल्याने ती आणखी अनेक शतके टिकतील. वाटेचे तसे नाही. ती पावलांनी घडते आणि पावलांच्या अभावी नष्ट होते. म्हणूनच वाटेचे संवर्धन म्हणजे ती चालती ठेवणे होय. इतिहासाच्या अभ्यासकाने, विद्यार्थ्याने व प्रवाशाने एकदा तरी वैशाखऱ्याहून घाट चढून जुन्नर गाठावे. टाक्यातील पाण्याची किंमत आणि सोपाऱ्याच्या त्या दात्याचा हेतू त्यास आपोआप उमगेल.